शोभाला दिसलेली परात

ये ग, अशी जवळ बस. दारात काय उभी राहतेस पाहुण्यासारखी? किती दिवसांनी तोंड दाखवतेस, आणि आलीस की लगेच घड्याळ बघायचं. ते मनगट जरा खाली ठेव. आज मला काहीतरी सांगायचंय आणि ते एका दमात नाही यायचं. अडखळेन. मधेच फुलांकडे जाईन, मधेच सूर्याकडे. तू मात्र उठायचं नाही.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलींना नाही. देवाला ठाऊक असेल, पण मी होऊन त्याच्याही पुढ्यात कधी बोलले नाही. आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच नाही. ती म्हणजे शोभा. माझी धाकटी जाऊ.

आमचा मळा मखमलाबाद रस्त्याला, आणि पंचवटीत फुलांचं दुकान. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. मळ्यात पत्र्याची शेड आहे, तिथं आम्ही दोघी जावा सकाळपासून हार ओवत बसायचो. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचं जे काय शिकले ते पुड्या बांधायच्या रद्दीतून. गिऱ्हाईक गजरा मागतंय आणि मी कागदावरचं मंगळाबद्दलचं वाचतेय, असं कितीदा झालंय. कागद अर्धा फाटलेला असायचा. मग उरलेला मंगळ मी आणि शोभा मनानंच पुरा करायचो.

सूर्याचं वेड मात्र आम्हाला एकदमच लागलं. नव्वदच्या दशकातलं ते दिवाळीच्या दिवसांतलं ग्रहण आठवतं तुला? सासूबाईंनी बजावलं होतं, बाहेर पडायचं नाही, काही कापायचं नाही, काही ओवायचं नाही. आम्ही दोघी शेडमध्ये झेंडूच्या ढिगाजवळ हात जोडून बसलेल्या. पत्र्याला भोकं होती. एरवी त्यातून उन्हाचे गोल गोल कवडसे पडायचे. त्या सकाळी शोभानं मला कोपरानं ढोसलं आणि ढिगाकडे बोट केलं. बघते तर काय, प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा! सगळ्या झेंडूवर सूर्याच्या कोरी सांडलेल्या. आम्ही घाबरलो नाही ग. आम्ही हसत सुटलो. सासूबाई आतून ओरडल्या, ग्रहणात हसू नका म्हणून, तर आणखीच हसू यायला लागलं.

आधी कुणाला दिसलं ते? शोभाला. हे लक्षात ठेव. तिला नेहमीच आधी दिसायचं.

पुढं पंचवटीतल्या एका शाळेच्या गच्चीवर रविवारी सकाळी आकाश बघणारी मंडळी जमायला लागली. सोनवणे सर म्हणून एक निवृत्त शिक्षक होते, त्यांची दुर्बीण. तिला पुढून काळी काच लावायची आणि सूर्यावरचे डाग बघायचे. आम्ही फुलांचं काम लवकर आटपून पळायचो. तिथं मी राणी होते बरं का. सर म्हणायचे, बाकीचे एक डोळा मिटून डोकं दुखवून घेतात, आणि ह्या बघा, तासभर हलत नाहीत. कशी हलेन? दुर्बिणीला एकच डोळा लागतो — आणि माझ्याकडे एकच होता.

आता आलं बघ तोंडावर. माझा डावा डोळा लहानपणापासून नुसता नावाला. दिसायला अगदी उजव्यासारखा, पण त्यातून सगळं धुरकट. आळशी डोळा म्हणतात त्याला. लग्न ठरताना आईनं दटावलं होतं की हे कुणाच्या कानावर जाता कामा नये. गेलं नाही. सुईत दोरा मी बोटांच्या अंदाजानं ओवते, जिना उतरताना भिंतीला हात लावते. कुणाला कधी संशय आला नाही. मला वाटायला लागलं की मीसुद्धा विसरले. पण आता सांगणार आहे ते घडलं तोवर आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, संसार मुरला होता, कोण मला परत पाठवणार होतं? तेव्हा ते दटावणं मी कारण म्हणून सांगत नाहीये. नुसतं सांगतेय.

मग ती जुळी यानं आली. दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका रविवारी सर इतके खुशीत की चहा सांडला त्यांनी. सांगायला लागले की दोन सारखीच यानं सूर्याभोवती सोडली आहेत, एक पृथ्वीच्या पुढं चालतं, एक मागं. दोन्ही मिळून सूर्याचा फोटो काढतात. त्यात काय एवढं, असं कुणीतरी म्हणालं. तर सरांनी समजावलं. सूर्यावरनं मधूनच तप्त वायूचा प्रचंड लोट उसळतो. इथून एकट्या पृथ्वीवरनं बघितलं तर तो सूर्याभोवती पसरत जाणारं कडं दिसतो, पण तो आपल्याकडे येतोय की पलीकडे चाललाय, हे त्या एका चित्रावरनं सांगता येत नाही. दोन्ही सारखंच दिसतं. आपल्याकडे येणारा असेल तर उपग्रहांना, विजेच्या तारांना दणका बसू शकतो, म्हणून ते कळायला हवं. आता दोन बाजूंनी दोन डोळे लागले. दोन चित्रं जुळवली की लोट केवढा जाड, कसा वळलेला, कुठं निघालाय, सगळं उभं करता येतं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. पण आतून मला जे कळलं ते त्या गच्चीवर दुसऱ्या कुणाला कळलं नसेल. एका डोळ्यानं बघणाऱ्या पृथ्वीला जवळ काय नि लांब काय हे कळत नाही — हे मला वेगळं शिकवायला हवं होतं का?

सरांनी ठरवलं, शाळेच्या मुलांसाठी प्रदर्शन करायचं. त्यांनी त्या यानांनी काढलेल्या दोन फोटोंचं एकात एक मिसळलेलं चित्र मोठं छापून आणलं, एक लालसर, एक निळसर. लाल-निळ्या काचांचा चष्मा लावला की ते उभं दिसतं. सरांकडे तसा एकच विकतचा चष्मा होता. बाकीचे करायचे कुणी? मीच हात वर केला. पुष्पगुच्छाला गुंडाळायला आमच्याकडे रंगीत जिलेटिनचा कागद असतोच, आणि मिठाईच्या खोक्यांचा पुठ्ठा. सरांनी सांगितलं, लाल डावीकडे, निळा उजवीकडे. मी मान हलवली आणि आठवड्यात टोपलीभर चष्मे केले.

आणि सगळे उलटे केले.

का, ते ऐक. हसशील. आम्ही देवाचे हार करणारी माणसं. पुजारी सांगतात, मोठं फूल डावीकडे, की आम्ही ते आमच्या उजव्या हाताला घालतो. देव समोर तोंड करून बसलेला असतो ना? त्याची डावी ती आमची उजवी. जन्मभर हात तसेच वळले. चष्म्याचा पुठ्ठा मी आतली बाजू वर करून ठेवला, डिंक पुढून दिसू नये म्हणून. आणि सरांची ‘डावी’ मी सवयीनं फिरवून घेतली. लाल उजवीकडे. एकामागून एक. चष्मा घालणारा देव नाही, माणूस आहे, तो माझ्याच बाजूनं बघणार आहे, हे डोक्यातच आलं नाही. दोन धड डोळ्यांची बाई असती तर पहिलाच चष्मा लावून बघताना तिच्या ध्यानात आलं असतं. मी लावून बघितला होता. मला त्यात लाल-निळं काहीतरी गिचमिड दिसलं. मी म्हटलं, असेल असंच.

प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी टोपली घेऊन गेलो. शाळेच्या एका खोलीत बाकावर चित्र पसरलेलं. सरांचा खरा चष्मा हातोहात फिरत होता, कारण तो प्लास्टिकचा, रुबाबदार. लोक रांगेनं तो लावत होते आणि वा वा करत होते, लोटाची कमान कशी बाहेर आलीय बघा म्हणत होते. शोभा रांगेच्या शेवटी. तिला कुठला धीर? तिनं माझ्या टोपलीतला उचलला आणि लावला.

चित्रावर वाकली. मग म्हणाली, “आक्का, सूर्य परातीगत खोलगट दिसतोय. आणि ती कमान आत चाललीय. लय लांब.”

लोक हसले. वाईट हेतूनं नाही, पण हसले. सूर्याची परात म्हटल्यावर हसणारच. सर म्हणाले, उलट आहे हो, ती बाहेर येतेय. आणि माझ्याकडे वळले. तुम्हाला काय दिसतं?

तिथं मी काय म्हणायला हवं होतं? दोन वाक्यं. मला काहीच दिसत नाही, माझा एक डोळा अधू आहे. बस. पण सगळे बघत होते. दुर्बिणीची राणी, तासभर न हलणारी. मी टोपलीतला चष्मा लावला, ते गिचमिड बघितलं आणि म्हटलं, अंगावरच येतेय की! थोडी मागंसुद्धा सरकले. नाटक म्हणून.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. शोभा अजून चष्मा लावून उभीच होती, पुन्हा पुन्हा मान वाकडी करून बघत. तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास होता. ती पुन्हा म्हणाली, नाही आक्का, आतच जातेय. आणि मला — कसं सांगू — भीती वाटली. ही एवढं खात्रीनं बोलतेय म्हणजे माझं पितळ उघडं पडणार, असं वाटलं. म्हणून मी सगळ्यांसमोर म्हणाले, “शोभे, तुझ्या डोळ्यातच काहीतरी दोष आहे. दाखवून घे एकदा.”

माझा दोष. मी उचलून तिच्या डोळ्यात घातला.

तिनं चष्मा काढला. नीट घडी घालून टोपलीत ठेवला. सरांचा चष्मा तिच्यापर्यंत यायला एकच माणूस उरला होता, पण ती चहाचे कप गोळा करायला उठली.

दुसऱ्या दिवशी मला कळलं. रंग जुळतात का बघायला सरांचा चष्मा मी घरी आणला होता. तो आणि माझा शेजारी शेजारी ठेवले. लाल इकडे, लाल तिकडे. डोळा लागलाच नाही त्याला, आंधळीलाही कळलं असतं. म्हणजे शोभानं जे पाहिलं ते त्या चष्म्यातून तसंच दिसायला हवं होतं! फुगीर ते खोलगट, जवळचं ते लांब. तिनं अगदी बरोबर पाहिलं होतं. सगळ्या खोलीत एकटीनं.

शोभा तेव्हा दुकानात होती. मी शेडमध्ये बसून सगळी टोपली उकलली, जिलेटिनं फिरवून पुन्हा चिकटवली. कुणी विचारलं तर सांगायला तयार ठेवलं होतं की कागदाला सुरकुत्या पडल्या होत्या. कुणी विचारलंच नाही. एक चष्मा मात्र तसाच ठेवला, शोभानं लावलेला. का ठेवला? जाळला असता तर सुटले असते. हात धजला नाही. सुयांच्या डब्यात आहे अजून.

भाऊजी, म्हणजे शोभाचे यजमान, अंबडला कंपनीत. त्यांनी तिला तिकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. घरी येऊन ती मला काय म्हणाली असेल? की मशीनमध्ये सापडत नसेल आक्का, तुम्हाला कसं पटकन कळलं. डॉक्टरपेक्षा तिला माझं खरं वाटलं. तेव्हा तरी बोलायचं ना मी? मी तिला गाजराचा रस पी म्हणाले.

प्रदर्शन मात्र काय झालं म्हणतेस! मुलांची ही झुंबड. मी चष्मे वाटायची आणि सगळ्यांत पुढं उभी राहून ओरडायची, आली आली, डोकं वाचवा! मुलं खरंच खाली वाकायची. काही तर कमान पकडायला हवेत हात घालायची. आणि ग, मी त्या हातांकडे बघायला लागले. एका पोरीचा हात इथपर्यंत, दुसरीचा जरा वर, तिसरी बोटानं वाट काढत वळण दाखवतेय. त्या हातांवरनं मला पहिल्यांदा कळलं की ती कमान कुठवर आलीय, कशी पिळली गेलीय. आयुष्यात कधी न दिसलेली गोष्ट पोरींच्या हातांत दिसली. इतका आनंद झाला मला की मी खोटं बोलतेय हेच विसरले.

घरी येऊन तशी कमान तारेवर झेंडू ओवून केली. चार-पाच केल्या, एकापुढे एक — आधी सूर्याला चिकटून, मग उचललेली, मग सुटून फुगत गेलेली. हाराच्या दोऱ्याला फार पीळ दिला की तो एकाएकी वेटोळं करून वर उसळतो, हे आम्हा ओवणाऱ्यांना नेहमीचंच. सर म्हणाले, सूर्यावरही जवळजवळ असंच होत असावं, चुंबकीय दोर पिळत जातो आणि उसळतो. मुलांना मी दोरा पिळून दाखवायची. टाळ्या पडायच्या. त्या पिळाची गंमत मला पहिल्यांदा कुणी दाखवली होती? शोभानंच, शेडमध्ये, हसत हसत. प्रदर्शनात ती मागं बसून झेंडू निवडत होती. सरांनी तिला समजावून सांगायला उभं राहा म्हटलं, तर म्हणाली, मला नीट दिसत नाही, आक्का सांगतील.

त्यानंतर ती दुर्बिणीला डोळा लावेना. गच्चीवर यायची, कडेला बसायची. मी बघायचं आणि तिला सांगायचं. डाग कुठं आहे आक्का? वर आहे की खाली? मी सांगायची. पत्र्यातून सूर्याच्या कोरी जिनं आधी पाहिल्या, ती माझ्या एका डोळ्यातून सूर्य बघत होती.

आणि मग परवाची गोष्ट. शोभाला चाळिशी लागली. नवीन चष्मा आला, सोनेरी काडीचा, तिला शोभतोसुद्धा. तिच्या लेकीला शाळेत प्रकल्प होता, तिनं माळ्यावरनं ते जुनं चित्र आणि एक जिलेटिनचा चष्मा शोधून काढला — नीट केलेल्यातला. आईला म्हणाली, तू लाव. शोभा नको नको म्हणत होती. लेकीनं चाळिशीवरच तो पुठ्ठा चढवला.

मी दारात उभी होते. शोभा एकदम मागं सरकली. मग हळूच हात पुढं केला. हवेत, अगदी त्या पोरींसारखा. आणि हसायला लागली ग, ग्रहणाच्या दिवशीसारखी, ओट्याला धरून. “आक्का, आली की अंगावर! चाळिशीनं डोळे सुधारले बघा माझे.”

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, हो ग, चांगला आहे चष्मेवाला.

म्हणजे पुन्हा तेच. समोर संधी हसत उभी होती, तिला मी चष्मेवाल्याच्या दुकानात पाठवून दिलं. आता ती अख्ख्या गोतावळ्याला सांगत सुटलीय, त्याच्याकडे जा, त्यानं माझा जुना दोष घालवला. नणंद जाऊन आली. भाऊजींची मावशी जाऊन आली. तो बिचारा चकित आहे की सगळ्या बायका एकदम सूर्य कसा दिसेल हे का विचारतायत. मी हसते, सगळ्यांबरोबर हसते.

शोभा आता रोज विचारते, गच्चीवर कधी जायचं. एवढी वर्षं बुडालेली सगळी भरून काढायचीत म्हणते. मला तिचं ते म्हणणं ऐकवत नाही, आणि ऐकल्याशिवाय राहवतही नाही. इतकी खुशीत आहे ती.

रविवारी ती मळ्यात येणार आहे. सुयांचा डबा मी काढून ठेवलाय. तिच्यापुढं दोन्ही चष्मे ठेवणार, एक नीट आणि एक तो. तोच आधी लावायला सांगणार. तिला परात दिसेल. मग माझा डावा डोळा कसा आहे ते सांगेन, आणि ती परात पहिल्यापासून खरी होती तेही. ती काय म्हणेल ते तिचं. रागावली तर रागावू दे, बोलली नाही तर नको बोलू दे. मी तिच्याकडे माफी मागणार नाही, कारण मागितली की ती लगेच देईल. मला माहीत आहे तिला.

तुझ्याकडेही काही मागत नाही. ऐकलंस, पुरे.

जा आता, उशीर झाला तुला. पण पुढच्या वेळी एवढे दिवस लावू नकोस. लवकर ये, आणि सकाळची ये, ऊन असेल अशी. शेड अजून आहे, पत्र्याची भोकंही आहेत. आणि दुर्बिणीतलं काही बघायचं असेल, तर शोभाला विचार. तिला आधी दिसतं.